फोन तिचा, ओटीपी कुणाचा?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा घरात इयरफोन लावून बसता येत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तेच आहे, फक्त थोडं आवरून लिहिलंय.

आजचा विषय आहे सातारा-सांगली पट्ट्यातल्या मुस्लिम मुलींचा आणि बायकांचा मोबाईल. मी कराडचा, आणि पोटापाण्याला सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझं रोजचं काम लॉगिन आणि परवानग्यांचं आहे. कुठल्या युजरला काय दिसावं, कुणाला काय बदलता यावं, पासवर्ड विसरला तर खातं परत कुणाच्या हातात जावं, हे सगळं आम्ही ठरवतो. हाच चष्मा घरातल्या मोबाईलला लावून बघितला की नवरा-बायको, बाप-मुलगी, भाऊ-बहीण यांच्यातलं बरंच काही स्पष्ट दिसायला लागतं. चला तर मग.

आधी थोडा भूगोल आणि थोडे आकडे

२०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात मुस्लिम लोकसंख्या साधारण साडेआठ टक्के होती आणि साताऱ्यात पाच टक्क्यांच्या आसपास. हा समाज एकसारखा नाही. शिकलगार, मुलाणी, बागवान, तांबोळी, आतार, मुजावर, नदाफ ही आडनावंच सांगतात की कुणाच्या घरात पूर्वी कुठला धंदा होता. मिरजेची तंतुवाद्यं जगभर जातात, ती बनवणारे कारागीर मूळचे शिकलगारच. घरात दखनी, बाजारात मराठी, मदरशात थोडी उर्दू-अरबी. त्यामुळे 'मुस्लिम बाई' म्हटल्यावर टीव्हीवर दिसणारं लखनौ-हैदराबादचं चित्र डोळ्यासमोर आणू नका. मिरजेच्या मार्केटमधली बागवान खाला आणि खटाव तालुक्यातल्या खेड्यातली मुलाण्याची सून, या दोघींची आयुष्यंसुद्धा एकमेकींपासून बरीच वेगळी आहेत.

आता आकडे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळपास ५५ टक्के बायकांनी सांगितलं की स्वतः वापरतो असा मोबाईल आमच्याकडे आहे. २०१५-१६ मध्ये हाच आकडा ४६ टक्क्यांच्या आसपास होता. पण कधीतरी इंटरनेट वापरलंय असं सांगणाऱ्या बायका ३८ टक्केच, आणि पुरुष ६१ टक्क्यांच्या वर. हे आकडे सगळ्या धर्मांच्या मिळून आहेत. म्हणजे फोन आणि बाई यांच्यातलं अंतर हा काही एकट्या मोहल्ल्याचा प्रश्न नाही. ते अंतर मोहल्ल्यात कसं दिसतं, कुठली कारणं पुढे करून ते टिकवलं जातं, एवढंच आज बघायचंय.

'फोन आहे' म्हणजे नक्की काय आहे?

सर्वेक्षणातला प्रश्न साधा असतो: मोबाईल आहे का? हो किंवा नाही. पण आमच्या भाषेत सांगायचं तर एका फोनला पाच कुलपं असतात आणि प्रत्येकाची चावी वेगळ्या माणसाकडे असू शकते.

पहिलं कुलूप हँडसेटचं. तो बहुतेक वेळा भावाने नवा घेतल्यावर खाली आलेला जुना असतो.

दुसरं सिमचं. सिम ज्याच्या नावावर असतं तो दुकानात जाऊन ते बंद करू शकतो किंवा त्याच नंबरचं दुसरं सिम काढू शकतो. दहा वर्षं वापरलेला नंबर एका दुपारीत हातातून जातो.

तिसरं स्क्रीन लॉकचं. 'लॉक कायको होना? छुपाने जैसा क्या है?' हे वाक्य आपल्याकडच्या कित्येक मुलींनी ऐकलेलं असेल. लॉक नसणं हाच तिथे चांगल्या चालीचा दाखला.

चौथं खात्याचं. फोन सुरू करताना कुणीतरी गुगल खातं उघडून दिलेलं असतं. पासवर्ड त्यालाच माहीत, रिकव्हरी नंबर त्याचाच. मग फोन कुठे आहे, कुठले फोटो बॅकअपला गेले, हे तो घरबसल्या बघू शकतो. यासाठी हॅकर असावं लागत नाही.

पाचवं पैशाचं. रिचार्ज कोण मारतं, यूपीआयचा पिन कुणाला माहीत आहे, आणि बँकेचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो.

पाचही चाव्या जिच्या हातात आहेत तिचा फोन खऱ्या अर्थाने तिचा. एकही चावी नसताना दिवसभर फोन हातात असेल, तर ती गेस्ट युजर आहे. सर्वेक्षणात मात्र दोघींचं उत्तर 'हो' असंच नोंदवलं जातं.

पंधराशे रुपये आणि दोन ओटीपी

हे सगळं हवेतलं वाटत असेल तर लाडकी बहीण योजना घ्या. २०२४ मध्ये योजना आली, महिन्याला १,५०० रुपये थेट बाईच्या आधारशी जोडलेल्या खात्यात. कितीतरी जणींसाठी स्वतःच्या नावावर नियमित पैसे येण्याची ही पहिलीच वेळ. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बाईच्या आधारशी जोडलेल्या नंबरवर एक ओटीपी येतो. पुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर टाकायचा, की दुसरा ओटीपी त्यांच्या फोनवर.

सिस्टीम बनवणाऱ्याच्या नजरेतून हे सरळ आहे: कुटुंबाचं उत्पन्न तपासायचंय म्हणून दोन्ही आधार लागतात. पण घराच्या नजरेतून बघा. पैसे तिचे आणि मंजुरीचं बटण त्याच्या फोनवर. संसार नीट चालू असेल तर तो दोन मिनिटांत ओटीपी सांगतो, विषय संपला. संसार मोडला असेल तर?

विधवा आणि घटस्फोटित बायकांचा प्रश्न लगेच पुढे आला आणि त्यांच्यासाठी नंतर कागदपत्रं देऊन मार्ग काढावा लागला. पण समजा, एखादीला नवऱ्याने तोंडी सोडून माहेरी पाठवलंय. कोर्टाचा कागद तिच्याकडे नाही. कायद्याच्या दृष्टीने असा तोंडी तलाक शून्य आहे, म्हणजे ती अजून विवाहितच. तिने ओटीपी मागायचा तो त्याच नवऱ्याकडे, आणि तो फोन उचलत नाही. हिंदू घरातल्या टाकलेल्या बायकांचंही हेच होतं. फरक एवढाच, की तोंडी तलाकामुळे इथे बाईला स्वतःलाच कळत नाही की ती विवाहित आहे की नाही.

पोस्टकार्ड ते व्हॉट्सॲप

तलाकचा विषय निघालाय तर थोडं मागे जाऊ, कारण ही लढाई मराठी मातीतली जुनी आहे. १८ एप्रिल १९६६ ला चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा तेव्हाच्या सचिवालयावर नेला. फक्त सात जणी! मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना समान नागरी कायदा द्या. पुढे २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. त्या काळी तलाक पोस्टकार्डावरही यायचा. नंतर तो फोनवर आला, मग एसएमएसवर आणि मग व्हॉट्सॲपवर.

न्यायालयंही हळूहळू सरकत होती. २ मे २००२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या खटल्यात सांगितलं की नुसतं 'तलाक दिला' म्हणून भागणार नाही. योग्य कारण हवं, आधी समेटाचा प्रयत्न झालेला हवा आणि हे सगळं कोर्टात सिद्ध करता आलं पाहिजे. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. गंमत बघा, त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ ऑगस्टला, त्याच न्यायालयाने पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. तलाकच्या निकालावर चर्चेच्या फैरी झडल्या. खासगीपणाचा निकाल मात्र आधार कार्डापुरता चर्चेत राहिला. घरातल्या मुलीच्या फोनशी त्याचा काही संबंध असेल हे फारसं कुणी बोललंच नाही.

मग २०१९ चा कायदा आला. त्यात स्पष्ट लिहिलंय की बोलून, लिहून किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, कसाही दिलेला झटपट तलाक शून्य आणि बेकायदा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बायकोला निर्वाह भत्ता मागता येतो आणि लहान मुलांचा ताबाही. तक्रार ती स्वतः किंवा तिचे नातेवाईक करू शकतात. या कायद्यावर टीकाही आहे: नवरा तुरुंगात गेला तर भत्ता देणार कोण? आणि बाकी समाजांत बायको सोडणाऱ्या पुरुषाला अशी शिक्षा नाही, मग इथेच का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पण मला दिसणारी अडचण वेगळी आहे. तलाक व्हॉट्सॲपवर आला, तर पुरावा कुठे आहे? तिच्या फोनमध्ये. आणि तो फोन कुणाचा? वर सांगितलेली पाच कुलपं आठवा. हँडसेट त्याने घेतलेला, सिम त्याच्या नावावर. त्याने फोन काढून घेतला की पुरावाही गेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात उपकरण कुणाच्या ताब्यात होतं हे येतं. म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. मूळ चॅट डिलीट करू नका, फोन फॉरमॅट करू नका, चॅट एक्स्पोर्ट करून विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, आणि लवकरात लवकर वकिलाला मूळ फोन दाखवा.

'मजहब में मना है'

फोन नाकारताना धर्माचं नाव बऱ्याचदा पुढे येतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये देवबंदच्या दारुल उलूमने सोशल मीडियावर स्वतःचे आणि घरच्यांचे फोटो टाकणं गैरइस्लामी असल्याचा फतवा दिला होता. तो पुरुष आणि बाई दोघांनाही लागू होता. पण व्यवहारात भावाचा डीपी तसाच राहतो आणि बहिणीचा मात्र गुलाबाचं फूल होतो. दुसरं म्हणजे फतवा हे एक मत आहे. ७ जुलै २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही.

आणि फोनबंदीला धर्म लागतोच असं कुठे आहे? फेब्रुवारी २०१६ मध्ये गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने अविवाहित मुलींना मोबाईल बंद केला. जुलै २०१९ मध्ये बनासकांठा जिल्ह्यातल्या दांतीवाडा भागात बारा गावांच्या ठाकोर समाजाने तेच केलं. तिथे ना मौलाना होते ना फतवा. भीती एकच: मुलगी स्वतःच्या मनाने लग्न करेल. देव बदलतात, पंच बदलतात, पण भीती तीच.

उलटं उदाहरणही आहे, आणि ते एका मुस्लिम मुलीचंच आहे. केरळमधल्या कोझिकोड जिल्ह्यात फहीमा शिरीन नावाची विद्यार्थिनी कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये राहत होती. मुलींनी संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल वापरायचा नाही असा नियम आला. तिने तो मानला नाही, तिला हॉस्टेल सोडावं लागलं, आणि ती कोर्टात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. या लढाईत तिचे वडील तिच्या बाजूने उभे होते. एक बाप बाजूला उभा राहिला की काय होतं ते यातून कळतं.

घरच्यांची भीती अगदीच खोटी नाही

आता दुसरी बाजू. आई-बाप घाबरतात, त्याला कारणं आहेत. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाचा प्रकार गिटहबवर उघड झाला. मुस्लिम पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी यांचे सोशल मीडियावरचे फोटो उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला होता. पकडलेल्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. ज्या गिटहबवर मी रोज कोड टाकतो तिथलीच ही गोष्ट. म्हणजे एका बाजूला घर म्हणतं फोटो टाकू नकोस, आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचे लोक फोटो टाकल्याची शिक्षा देतात. मधल्या मधे मुलगी गप्प होते.

आणि आपल्या भागातलं सांगायचं तर १० सप्टेंबर २०२३ ची रात्र. सोशल मीडियावरच्या पोस्टवरून खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत दंगल झाली, एका तरुणाचा जीव गेला, आणि साताऱ्यात इंटरनेट बंद झालं. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून तणाव झाला होता आणि तिथेही नेट बंद होतं. अशा वातावरणात घरातल्या मोठ्यांना फोन म्हणजे काडेपेटी वाटू लागली तर त्यांना नावं ठेवता येत नाहीत. फक्त एक हिशेब विचारा: स्टेटस कोण टाकतं आणि फोन कुणाचा काढून घेतला जातो? पोरगं चूक करतं आणि कुलूप पोरीच्या फोनला लागतं. आणि नेट बंद होतं तेव्हा घरी बसून शिवणकाम, मेहंदीच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेणाऱ्या बाईचा धंदाही बंद होतो. बाहेर जाऊन गिऱ्हाईक गाठण्याची मुभा तिला तशीही कमीच असते.

मग करायचं काय?

आधी एक सावधगिरी. घरात मारहाण किंवा धमकी असेल तर एका रात्रीत सगळे पासवर्ड बदलू नका. समोरच्याला लगेच कळतं आणि राग अंगावर येतो. आधी कुणाशी तरी बोला, मग पावलं टाका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या वेळी ११२, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. त्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो, त्यामुळे फोन हिसकावणं, माहेरी बोलू न देणं हे वकिलाला त्याखाली मांडता येतं. सांगलीत १९९२ पासून काम करणारी संग्राम ही संस्था आहे, आणि तिच्या परिवारातला 'नजरिया' हा गट मुस्लिम बायकांच्या हक्कांवर काम करतो.

घरात धोका नसेल तर या क्रमाने जा.

१. आधारशी स्वतःचा नंबर जोडा. आधार केंद्रात बोटाचा ठसा आणि थोडी फी लागते, जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही. बँकेत नंबर वेगळा बदलावा लागतो, तो विसरू नका.

२. सिम स्वतःच्या नावावर करून घ्या. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं.

३. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. अनोळखी लॅपटॉप दिसला तर लॉग आउट करा.

४. गुगल खात्यात रिकव्हरी नंबर आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा. गुगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग सुरू आहे का, तेही बघा.

५. कुणी खासगी फोटो पसरवायची धमकी देत असेल तर पैसे देऊ नका, चॅट जपून ठेवा. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर बायकांबाबतची अशी तक्रार नाव न देताही करता येते. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची सेवाही आहे. ती तुमच्याच फोनवर फोटोचा एक डिजिटल ठसा बनवते आणि फक्त तो ठसा कंपन्यांकडे जातो. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही.

शेवटचं बोलणं ऐकणाऱ्या पोरांशी, कारण घरातले फोन बहुतेक आपणच सेट करून देतो. बहिणीला, अम्मीला, आईला फोन लावून देताना खातं त्यांच्या नावाने उघडा. पासवर्ड त्यांना टाकू द्या आणि तुम्ही तोंड फिरवा. रिकव्हरीला स्वतःचा नंबर टाकायचाच असेल तर विचारून टाका. अम्मीला स्पेलिंग जमत नसेल तर पॅटर्न लॉक शिकवा, बोटाचा ठसा शिकवा. एकदा नाही जमलं तर चार वेळा शिकवा. आपण पण एका दिवसात शिकलो नव्हतो. आणि ओटीपी कुणालाच सांगू नका हे अम्मीला शिकवताना, त्या 'कुणालाच'मध्ये आपणही येतो हे लक्षात ठेवा.

तुमच्या घरातल्या फोनची ही पाच कुलपं एकदा तपासून बघा आणि काय सापडलं ते व्हॉइस नोटवर पाठवा. नाव सांगितलं नाही तरी चालेल. पुढच्या भागात यूपीआयचे पैसे चुकून दुसरीकडे गेले तर काय करायचं ते बघू. तोपर्यंत चार्जिंग असू द्या. भेटू!